दाबाखालचा वायू शरीरात काय करतो?

मारियाना गर्तेच्या तळाशी पाण्याचा दाब समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबापेक्षा हजारपटीहून अधिक असतो. तरीही तिथे जिवाणू आहेत, कोळंबीच्या दूरच्या नात्यातले छोटे कवचधारी प्राणी आहेत, आणि ते तिथे खातात, वाढतात, पिल्लं जन्माला घालतात. इकडे माणसाने पाचपट दाबाची साधी हवा श्वासात घेतली, की त्याला सोपी गणितंही जड जाऊ लागतात. एवढी तफावत का? कारण गर्तेतल्या त्या प्राण्यावर पाण्याचा दाब आहे, पण त्याच्या अंगात कोणताही वायू कोंबला जात नाही. माणूस मात्र दाबलेला वायू श्वासातून आत घेतो. तो वायू रक्तात, मेंदूत, चरबीत विरघळतो आणि पुढचे सगळे प्रताप तिथून सुरू होतात.

आपल्या त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार साधारण एक किलोचा असतो. याला एक ॲटमॉस्फिअर म्हणतात. समुद्रात दर १० मीटर खोलीमागे त्यात आणखी एक ॲटमॉस्फिअरची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दोन, ४० मीटरवर पाच. आपल्या पेशी पाण्याने भरलेल्या आहेत आणि पाणी दाबलं तरी फारसं आक्रसत नाही. दाब सगळीकडून सारखाच येतो, त्यामुळे हातपाय, यकृत, मेंदू चिरडून जात नाहीत. त्रास होतो तो हवेच्या पोकळ्यांना: कानाच्या पडद्यामागची जागा, नाकाभोवतीच्या कवटीतल्या पोकळ्या आणि फुप्फुसं. कान दुखतो तो पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब वेगळा झाल्यामुळे. फुप्फुसांचं प्रकरण जास्त गंभीर आहे. खाली सिलेंडरमधून श्वास घेऊन तो रोखून धरला आणि वर आलं, तर आतली हवा फुगते. जेमतेम दीड मीटर वर येतानासुद्धा फुप्फुस फाटू शकतं. डायव्हिंग शिकवताना पहिल्या दिवशी सांगतात की श्वास कधीही रोखू नका, ते याचसाठी.

हे झालं वायूच्या आकारमानाचं. खरी गुंतागुंत विरघळण्यात आहे.

टक्केवारीने फसू नये

१८०३ मध्ये विल्यम हेन्री यांनी दाखवून दिलं की द्रवात किती वायू विरघळेल हे त्या वायूच्या दाबावर ठरतं. दाब दुप्पट केला की विरघळणारा वायूही दुप्पट. त्याच सुमाराला जॉन डाल्टन यांनी मिश्रणाचा हिशोब मांडला: मिश्रणातला प्रत्येक वायू आपापला दाब स्वतंत्रपणे देतो. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे एक ॲटमॉस्फिअरच्या हवेत ऑक्सिजनचा वाटा ०.२१ ॲटमॉस्फिअर. या वाट्याला आंशिक दाब म्हणतात.

हा मुद्दा मला संपूर्ण विषयाचा कणा वाटतो. शरीराला टक्केवारी कळत नाही, आंशिक दाब कळतो. सिलेंडरमधल्या हवेत १ टक्का कार्बन डायऑक्साइड शिरला, तर जमिनीवर कुणाला पत्ताही लागणार नाही. तीच हवा ४० मीटर खोलीवर घेतली, तर तो १ टक्का शरीराला जमिनीवरच्या ५ टक्क्यांसारखा भासतो: धाप लागते, डोकं दुखतं, विचार करणं कठीण होतं. उलट फार खोल जाणाऱ्या डायव्हरच्या मिश्रणात ऑक्सिजन १ टक्क्याहूनही कमी ठेवलेला असतो. जमिनीवर त्या मिश्रणाने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडेल. सत्तर ॲटमॉस्फिअरला मात्र त्यातून पुरेसा ऑक्सिजन मिळतो.

वर येतानाची किंमत

हवेतला नायट्रोजन शरीराच्या काहीच उपयोगाचा नाही. तो येतो, विरघळतो आणि जातो. दाबाखाली तो जास्त विरघळतो, चरबीत तर पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. तळाशी असेपर्यंत त्याचा सांध्यांना किंवा मज्जारज्जूला त्रास नसतो. दाब झपाट्याने उतरला, की सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर जे होतं तेच रक्तात आणि ऊतींत होतं. बुडबुडे सांध्यांजवळ झाले तर असह्य वेदना, मज्जारज्जूत झाले तर लुळेपणा, आणि फुप्फुसांत अडकले तर जीव घाबरा होऊन मृत्यूही.

हे शिकायची किंमत मजुरांनी मोजली. एकोणिसाव्या शतकात नदीच्या तळाशी पुलाचे खांब उभारायचे तर तळ नसलेली प्रचंड पेटी पात्रात उतरवत आणि तिच्यात दाबाने हवा भरून पाणी बाहेर ठेवत. आत माणसं खोदकाम करत. अमेरिकेत सेंट लुईस इथे जेम्स ईड्स यांच्या पुलाचं काम १८७० च्या आसपास सुरू होतं आणि पेटी जवळपास ३० मीटर खाली गेली होती. पाळी संपवून वर आलेली माणसं वेदनेने वाकून चालायची. डझनभराहून अधिक माणसं दगावली. त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर अल्फॉन्स जामिने एकदा स्वतः तळाशी गेले, पावणेतीन तास थांबले आणि काही मिनिटांतच दाब उतरवून बाहेर आले. त्यांचंही अंग लुळं पडलं. सुदैवाने ते बरे झाले, आणि नंतर मजुरांच्या पाळ्या आखूड करण्यात आल्या. पुढे ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच आजाराने खचले आणि पुलाचं उरलेलं काम त्यांना घरूनच पाहावं लागलं.

कारण शोधलं फ्रान्सच्या पॉल बर्ट यांनी. प्राण्यांवर प्रयोग करून १८७८ मध्ये त्यांनी सिद्ध केलं की हा त्रास नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा आहे, आणि दाब सावकाश उतरवावा हा उपायही सांगितला. पण सावकाश म्हणजे किती? ते उत्तर १९०८ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश नौदलासाठी शोधलं. त्यांनी शेळ्या दाबाच्या खोलीत ठेवल्या आणि वेगवेगळ्या गतीने दाब उतरवून पाहिला. शेळी दुखतंय म्हणून सांगू शकत नाही, पण सांध्यात बुडबुडा झाला की ती पुढचा एक पाय उचलून धरते. त्या उचललेल्या पायावरून निष्कर्ष काढला गेला: दाब निम्म्यावर आणला तरी बहुधा काही बिघडत नाही, त्याहून खाली एकदम आणला तर बिघडतं. त्यामुळे वर येताना टप्प्याटप्प्यावर थांबायचं.

हॉल्डेन यांचं त्याहून मोठं काम म्हणजे शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने वायू घेत-सोडत नाहीत हे त्यांनी आकड्यांत बसवलं. जिथे रक्तपुरवठा भरपूर, तिथे काही मिनिटांत वायू भरतो आणि काही मिनिटांत निघतो. चरबीला आणि सांध्यांभोवतीच्या ऊतींना खूप वेळ लागतो. त्यांनी शरीराचे पाच कल्पित भाग केले. त्यांतला सर्वांत चपळ भाग ५ मिनिटांत निम्मा भरतो, सर्वांत सुस्त ७५ मिनिटांत. आज डायव्हरच्या मनगटावर असलेला छोटा संगणक दर काही सेकंदांनी असाच हिशोब करत असतो, फक्त भाग जास्त आणि आकडे सुधारलेले.

या हिशोबातून एक सुंदर गोष्ट निघते. सगळे भाग पूर्ण भरले, की पुढे कितीही दिवस त्याच खोलीवर राहिलं तरी नवा वायू विरघळत नाही, म्हणून दाब उतरवायचा वेळही वाढत नाही. जॉर्ज बाँड या अमेरिकी नौदलातल्या डॉक्टरांनी हा विचार पुढे नेला. १९६४ मध्ये बर्म्युडाजवळ सुमारे ५८ मीटर खोलीवर माणसं समुद्रतळावरच्या खोलीत राहिली. समुद्रातल्या तेलविहिरींवरचे डायव्हर आज आठवडेच्या आठवडे दाबाच्या खोलीत राहतात, तिथून घंटेसारख्या कुपीत बसून कामावर जातात आणि मुक्काम संपला की एकदाच, कित्येक दिवस लावून, दाब उतरवतात. ही पद्धत बिनधोक मुळीच नाही. १९८३ मध्ये उत्तर समुद्रात बायफोर्ड डॉल्फिन या तेलखोदाई तराफ्यावर अशा खोलीतला नऊ ॲटमॉस्फिअरचा दाब क्षणार्धात निघून गेला आणि चार डायव्हर व त्यांचा एक मदतनीस मिळून पाच जणांचा जागीच मृत्यू झाला.

बुडबुड्यांच्या तावडीतून जलचरही सुटलेले नाहीत. धरणाच्या सांडव्यावरून पाणी खोल डोहात कोसळतं तेव्हा सोबत हवा ओढत नेतं. खाली दाब जास्त असल्याने ती हवा पाण्यात प्रमाणाबाहेर विरघळते. असं पाणी कल्ल्यांतून गेलेला मासा उथळ भागात आला, की त्याच्या परांमध्ये, त्वचेखाली, कल्ल्यांच्या रक्तवाहिन्यांत बुडबुडे धरतात आणि मासे मरतात. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीवर १९६० नंतर सॅमन माशांचं असं मोठं नुकसान झालं, आणि मग सांडव्यांची रचना बदलावी लागली. जो मासा एक-दोन मीटर खोल राहतो तो मात्र वाचतो, कारण तिथला दाब वायूला विरघळलेला ठेवतो.

सील आणि देवमाशांनी उत्क्रांतीत यावर तोडगा काढलेला दिसतो. वेडेल सील बुडी मारण्याआधी श्वास सोडून देतो, आणि खोलवर त्याची फुप्फुसं मिटून जातात, त्यामुळे नायट्रोजन रक्तात जायला वाटच उरत नाही. पण हा तोडगाही पूर्ण नाही. वयस्क स्पर्म देवमाशांच्या हाडांत बुडबुड्यांमुळे होते तशी झीज आढळली आहे. २००२ मध्ये कॅनरी बेटांजवळ नौदलाच्या सरावाच्या वेळी चोचीचे देवमासे किनाऱ्याला लागले, त्यांच्या अवयवांतही वायूचे बुडबुडे सापडले. सोनारच्या (पाण्यात आवाज सोडून वेध घेणाऱ्या यंत्राच्या) आवाजाने बिथरून त्यांची बुडी मारायची-वर यायची लय मोडली असावी, असा अंदाज आहे. आपल्या यंत्रांचा आवाज एखाद्या प्राण्याच्या रक्तापर्यंत असा पोचावा, हे मला फार अस्वस्थ करतं.

ऑक्सिजन: तोच औषध, तोच विष

नायट्रोजनचा एवढा उपद्रव, मग शुद्ध ऑक्सिजनच का घेऊ नये? पॉल बर्ट यांनी तेही तपासलं होतं. दाबलेल्या ऑक्सिजनमध्ये ठेवलेले पक्षी आणि कुत्रे आकडी येऊन मेले. माणसाचंही तसंच होतं. ओठ थरथरतात, नजरेच्या कडा अंधारतात, कानात आवाज घुमतो आणि मग आकडी. कधी कधी कोणतीही सूचना न देता थेट आकडीच. कोरड्या खोलीत तोंडावरचा मास्क काढला की आकडी थांबते. पाण्याखाली तोंडातली नळी सुटते आणि माणूस बुडतो. दुसऱ्या महायुद्धात केनेथ डोनाल्ड यांनी ब्रिटिश नौदलातल्या स्वयंसेवकांवर केलेल्या चाचण्यांत आणखी काळजीचं काही निघालं: एकाच माणसाची सहनशक्ती एका दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी वेगळीच असते. म्हणून आजचे नियम भरपूर सावधगिरी ठेवून पाण्याखाली ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ ते १.६ ॲटमॉस्फिअरच्या वर जाऊ देत नाहीत. शुद्ध ऑक्सिजनसाठी ही मर्यादा जेमतेम ६ मीटरवर येते.

कमी दाबाचा पण तासन्‌तास चाललेला ऑक्सिजन फुप्फुसांना दाह करतो, हे जेम्स लोरेन स्मिथ यांनी १८९९ मध्ये दाखवलं. या दोन्हींमागची रसायनं उलगडायला आणखी अर्धं शतक गेलं. अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमान यांनी १९५४ मध्ये मांडलं की ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा यांचं मूळ एकच आहे: मुक्त मूलकं. हे ऑक्सिजनचे अर्धवट बदललेले, अतिशय क्रियाशील रेणू असतात. ते पेशीच्या पडद्यातली चरबी, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल त्याला इजा करतात. श्वास घेणाऱ्या प्रत्येक पेशीत ते थोडे तयार होतातच, आणि त्यांना निकामी करायला पेशीत विकरं (एन्झाइम) असतात. दाबाखाली मूलकं इतकी वाढतात की ही विकरं पुरी पडत नाहीत. ज्या जिवाणूंकडे अशी विकरं जवळपास नाहीत, त्यांना तर साधी हवाही मारक ठरते.

याच गोष्टीचा औषध म्हणून उपयोग होतो. १९६० मध्ये ॲमस्टरडॅमच्या इटे बुरेमा यांनी लहान डुकरांच्या शरीरातलं रक्त काढून त्याजागी तांबड्या पेशी नसलेला द्रव भरला. हिमोग्लोबिन जवळजवळ शून्यावर आलं. ती डुकरं तीन ॲटमॉस्फिअर दाबाच्या खोलीत ऑक्सिजनवर जगली, आणि रक्त परत दिल्यावर बरीही झाली. हिशोब असा: साध्या हवेत १०० मिलिलीटर रक्तद्रवात जेमतेम ०.३ मिलिलीटर ऑक्सिजन विरघळतो, बाकी सगळा हिमोग्लोबिन वाहून नेतं. तीन ॲटमॉस्फिअरच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये विरघळलेला भाग सुमारे ६ मिलिलीटरवर जातो, आणि विश्रांतीत शरीर प्रत्येक १०० मिलिलीटर रक्तामागे साधारण ५ मिलिलीटर वापरतं. म्हणजे नुसत्या विरघळलेल्या ऑक्सिजनवर भागतं.

कोळशाच्या धुराने कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या माणसाला हे तंत्र थेट उपयोगी पडतं. मोनॉक्साइड हिमोग्लोबिन अडवून बसतो. साध्या हवेत तो निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, दाबाच्या ऑक्सिजनमध्ये अर्ध्या तासाच्या आत. जखमेत वायुकोथ (वायू धरून मांस सडणं) करणारे, ऑक्सिजन न सोसणारे जिवाणूही यामुळे आटोक्यात येतात. उपचाराच्या मध्ये काही मिनिटं साधी हवा देतात, म्हणजे ऑक्सिजनची बाधा टळते.

धुंदी आणि थरथर

साधारण ३० मीटरच्या खाली हवेवर असलेल्या डायव्हरला हलकी नशा चढू लागते. कुणाला उगाच आनंद होतो, कुणाला धास्ती वाटते, सगळ्यांचीच निर्णयशक्ती मंदावते. यामागे नायट्रोजन आहे हे अल्बर्ट बेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये सांगितलं. वर आलं की धुंदी काही मिनिटांत उतरते. गंमत अशी की नायट्रोजन शरीरात कोणाशीही रासायनिक क्रिया करत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला मेयर आणि ओव्हरटन यांच्या लक्षात आलं होतं की भुलीचं औषध चरबीत जितकं जास्त विरघळतं तितकं ते प्रभावी. वायूंनाही हा नियम बराचसा लागू पडतो. आर्गॉन नायट्रोजनच्या साधारण दुप्पट धुंदी आणतो. झेनॉन तर इतका विरघळतो की कोणत्याही जादा दाबाशिवाय, ७० टक्क्यांच्या आसपास दिला की माणसाला शस्त्रक्रियेपुरती भूल येते. हेलियम चरबीत फारच कमी विरघळतो, म्हणून खोल जाणारे डायव्हर हेलियम वापरतात. त्याची अडचण वेगळी: तो उष्णता हवेच्या सहापट वेगाने वाहून नेतो, त्यामुळे हेलियमच्या खोलीचं तापमान ३० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं, नाहीतर माणूस थंडीने काकडतो.

आणि मग १५०–२०० मीटरच्या खाली नवंच काही सुरू होतं. हात थरथरतात, मळमळतं, मेंदूच्या विद्युत लहरी बदलतात, माणूस क्षणभर डुलकी घेऊन पुन्हा जागा होतो. हा मात्र खुद्द दाबाचा परिणाम आहे, हेलियमचा नाही. सुरुवातीला दाबाला दोषमुक्त केलं होतं, ते या खोलीपर्यंतच.

याचा धागा बेडकाच्या पिल्लांपर्यंत जातो. १९५० मध्ये जॉन्सन आणि फ्लॅगलर यांनी बेडकाची पिल्लं अल्कोहोलच्या पाण्यात ठेवली. ती बधिर होऊन तळाला पडून राहिली. मग त्या पाण्यावरचा दाब दोनशे ॲटमॉस्फिअरच्या आसपास नेला, आणि पिल्लं पोहू लागली. दाब काढला, पुन्हा पडली. भूल आणि दाब एकमेकांच्या विरुद्ध ओढतात: विरघळलेला वायू मज्जापेशींना शांत करतो, दाब त्यांना उचकवतो. हे कळल्यावर थरथरीवर उपाय सुचला तो असा की हेलियममध्ये थोडा धुंदी आणणारा वायू मुद्दाम मिसळायचा. कुणी नायट्रोजन वापरला, फ्रान्सच्या कोमेक्स कंपनीने हायड्रोजन. १९९२ मध्ये मार्सेलिसमधल्या त्यांच्या दाबाच्या खोलीत हायड्रोजन, हेलियम आणि ऑक्सिजनच्या मिश्रणावर एक डायव्हर ७०१ मीटर खोलीइतक्या दाबाला पोचला. इतक्या कमी ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन पेट घेऊ शकत नाही, म्हणून हे जमलं.

एका पेशीचं काय होतं

जिवाणूंना कान नाहीत, फुप्फुसं नाहीत, मज्जारज्जू नाही, म्हणून वायूचा स्वभाव तिथे स्वच्छ दिसतो. पन्नासेक ॲटमॉस्फिअर दाबाचा नायट्रोजन बहुतेक जिवाणू निमूट सोसतात. तेवढ्याच दाबाचा कार्बन डायऑक्साइड त्यांना मारतो. तो पडद्यातून आत शिरतो, पाण्याशी मिळून आम्ल बनतो, आतली आम्लता बिघडवतो आणि पडद्याच्या चरबीलाही सैल करतो. फळांचा रस फारसा न तापवता जंतुरहित करायला हा गुण वापरता येतो, फक्त जिवाणूंचे बीजाणू त्याला सहजी बधत नाहीत.

नायट्रोजन पेशी मारत नसला तरी फोडू शकतो. प्रयोगशाळेत प्राण्यांच्या पेशींचा द्रव जाड पोलादी भांड्यात घालून वर बऱ्याच दाबाचा नायट्रोजन सोडतात, काही मिनिटं तो विरघळू देतात आणि मग झडप उघडून द्रव बाहेर घेतात. दाब सुटताच बुडबुडे होतात आणि पेशी फाटतात. उष्णता होत नाही, ऑक्सिजन नसल्याने नाजूक प्रथिनं खराबही होत नाहीत. मजुरांचे पाय लुळे करणारी क्रिया इथे संशोधकाच्या कामाला येते.

माणसाच्या बाबतीत शेवटची अडचण वायूच्या घनतेची आहे. दाबाबरोबर वायू दाट होतो, आणि दाट वायू श्वासनलिकेतून ओढणं-सोडणं हीच एक मेहनत होऊन बसते. कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही. म्हणून काहींनी वायूच टाळून पाहिला. १९६२ मध्ये योहानेस कीलस्ट्रा यांनी दाबाखाली ऑक्सिजन भरलेल्या मिठाच्या पाण्यात उंदीर बुडवले, तेव्हा ते काही काळ ते पाणीच श्वासात घेत जगले. १९६६ मध्ये क्लार्क आणि गोलान यांनी ऑक्सिजन भरपूर विरघळवणाऱ्या फ्लुओरोकार्बन द्रवात हेच साध्या दाबाला करून दाखवलं. ऑक्सिजन पोचवण्याचा प्रश्न अशा द्रवांनी बराचसा सोडवला आहे, पण माणसाने एका मिनिटात जितका कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला हवा, तितका वाहून नेण्याइतका द्रव फुप्फुसांतून आत-बाहेर करणं अजून जमलेलं नाही.